बाटलीवरचा त्रिकोण

विदर्भात शेतावर फवारायच्या विषाला कोणी विष म्हणत नाही. त्याला 'औषध' म्हणतात. 'उद्या पऱ्हाटीवर औषध मारायचं आहे', 'यंदा औषधाचे भाव लई वाढले', 'औषध उधारीवर भेटते काय', ही वाक्ये पावसाळ्यात कोणत्याही एस.टी.च्या थांब्यावर ऐकू येतात. आणि त्याच गावात, त्याच माणसांच्या तोंडी, 'त्यानं औषध घेतलं' एवढे तीन शब्द आले की हातातले काम टाकून लोक धावत सुटतात. कारण तिथे औषधाचा अर्थ एकच असतो.

भाषेला दोष देण्यात अर्थ नाही. पिकावर रोग पडला, पिकाला औषध दिले, हा हिशेब सरळ आहे. पण या शब्दाने नकळत एक गोष्ट केली. औषधाची कोणाला भीती वाटत नाही. औषध कडू असते, जालीम असते, आणि जितके जालीम तितका गुण लवकर, असा आपला समज. म्हणून कृषी केंद्राच्या गल्ल्यापाशी उभा राहिलेला शेतकरी म्हणतो, 'भाऊ, काही कडक द्या. एका फवाऱ्यात साफ झालं पायजे.' अळीसाठी जे कडक, ते पंप पाठीवर घेऊन दिवसभर चालणाऱ्या माणसासाठी किती कडक, हा प्रश्न 'औषध' या शब्दातून उगवतच नाही.

माझी नोकरी बँकेतली. तिच्यातली काही वर्षे यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण शाखेत गेली. पीककर्जाचा तक्ता मला आजही तोंडपाठ आहे. एकरी बियाणे इतके, खते इतकी, औषधे इतकी, मजुरी इतकी. औषधांच्या रकान्यात फक्त रुपये असत. कोणते औषध, किती विषारी, फवारणार कोण, असे विचारणारा रकाना त्या छापील कागदात नव्हता. तेव्हा ती माहिती सहज मिळण्यासारखीही नव्हती. ती जाडजूड इंग्रजी संदर्भग्रंथांत होती, आणि ते ग्रंथ विद्यापीठांच्या कपाटांत.

आज ती सबब उरलेली नाही. कोणते रसायन किती धोक्याचे, दोन रसायनांपैकी कमी धोक्याचे कोणते, कशात काय मिसळू नये, हे सांगणारी साधने आता इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहेत. धंतोलीतल्या दवाखान्यात नंबर येण्याची वाट पाहताना मोबाइलवर दोन कीटकनाशकांची तुलना करता येते. मग ती होत का नाही, आणि झाली तर कशी व्हावी, यावर आज थोडे बोलायचे आहे.

नावे अनेक, क्रमांक एक

पहिली अडचण नावाची. दुकानात बाटलीवर मोठ्या अक्षरांत असते ते कंपनीने दिलेले नाव. एकच द्रव्य दहा कंपन्या दहा नावांनी विकतात. वाघ, वीज, बाण, तलवार अशा थाटाची ती नावे. खरे द्रव्य कोणते, हे खाली बारीक अक्षरांत छापलेले असते. तुलना करायची ती या बारीक अक्षरांतल्या नावाची.

नावापेक्षाही पक्की खूण म्हणजे 'कॅस' क्रमांक. अमेरिकेतल्या केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिस या संस्थेने १९६५ पासून रसायनांची नोंदवही ठेवली आहे आणि प्रत्येक रसायनाला त्यात स्वतंत्र क्रमांक आहे. बँकेत एका नावाचे चार खातेदार असू शकतात, पण खाते क्रमांक एकाचाच. तसेच हे. मोनोक्रोटोफॉसचा क्रमांक ६९२३-२२-४. यातला शेवटचा चार हा तपासणीचा अंक आहे. आधीचे अंक उजवीकडून क्रमाने एक, दोन, तीन असे गुणत जा आणि बेरीज करा. ती १०४ येते, म्हणून शेवटी चार. लिहिताना अंक चुकला तर बेरीज जुळत नाही. ज्याने आयुष्यभर खतावण्या जुळवल्या, त्याला ही युक्ती आवडल्याशिवाय राहणार नाही.

हे नाव किंवा क्रमांक घेऊन कुठे जायचे? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे 'पबकेम' २००४ पासून सर्वांना खुले आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मिळून तयार केलेली रासायनिक सुरक्षा पत्रके आहेत. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर विद्यापीठाचा खास कीटकनाशकांचा माहितीसंग्रह आहे. अमेरिकेच्या सागर व वातावरण विभागाचे 'कॅमिओ' नावाचे साधन तर दोन-तीन रसायने एकत्र आली तर काय होईल, याचा अंदाज सांगते. आपल्या न्हाणीघरातलेच उदाहरण घ्या. संडास धुण्याच्या पुष्कळ द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. त्यात ब्लीच मिसळले की क्लोरीन वायू निघतो. लवकर स्वच्छ व्हावे म्हणून बंद खोलीत दोन्ही एकदम ओतणाऱ्या गृहिणीला खोकल्याची उबळ येते ती उगाच नव्हे.

एकच आकडा, तीन बिरुदे

दुसरी अडचण आकड्याची. विषाची तीव्रता मोजण्याचे एक माप आहे, एलडी-५०. ट्रेव्हन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ते १९२७ साली मांडले. प्रयोगातल्या निम्म्या प्राण्यांना मारणारी मात्रा, दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम, असा त्याचा अर्थ. हा आकडा जितका लहान तितके विष तीव्र. व्याजदर बघायची सवय असलेल्या माणसाची इथे पहिल्यांदा गल्लत होते, कारण इथे लहान आकडा वाईट.

आपल्याकडे १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली १९७१ साली नियम झाले आणि प्रत्येक बाटलीवर रंगीत त्रिकोणाची खूण आली. तोंडावाटे पोटात गेल्यास आकडा ५० पर्यंत असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्यापुढे हिरवा. लाल त्रिकोणाच्या वर कवटी आणि हाडे असतात. अक्षरओळख नसलेल्यालाही कळावी अशी ही सोय. पण कितीजणांना कळते? मी ओळखीच्या शेतकऱ्यांना विचारले, तर बहुतेकांनी हिरव्याचा अर्थ 'पिकासाठी चांगले' असा सांगितला, आणि एकाने लाल म्हणजे 'पावरफुल'.

आता प्रोफेनोफॉस घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत त्याचा आकडा ३५८ आहे. आपल्या त्रिकोणाच्या हिशेबाने ते पिवळ्यात बसते, म्हणजे 'अतिशय विषारी'. आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत तेच 'मध्यम धोकादायक' ठरते. आणि संयुक्त राष्ट्रांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या जागतिक पद्धतीत, पोटात जाण्याच्या बाबतीत, ते चौथ्या वर्गात जाऊन नुसते 'अपायकारक' होते. द्रव्य तेच, आकडा तोच, बिरुदे तीन.

कर्ज घेणाऱ्यांना मी नेहमी एक गोष्ट सांगत असे. एक सावकार बारा टक्के सपाट व्याज सांगतो, दुसरा बारा टक्के घटत्या शिलकीवर. आकडा एकच, पण पहिल्याचे ओझे जवळजवळ दुप्पट. तुलना करायची तर आधी पाया एक करा. रसायनांचेही तेच आहे. एकाचे बिरुद भारतीय पद्धतीचे आणि दुसऱ्याचे परदेशी घेऊन तुलना केली, तर ती न केलेली बरी.

आणि पाया एक केला तरी एका आकड्यावर निकाल देता येत नाही. हे आपल्याला यवतमाळने शिकवले, आणि फार महाग शिकवले.

२०१७ चा पावसाळा

त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारी माणसे एकामागून एक आजारी पडू लागली. उलट्या, छातीत कोंडल्यासारखे होणे, डोळ्यांपुढे अंधारी. काहींची दृष्टी तात्पुरती गेली. सरकारी नोंदींप्रमाणेच एकट्या त्या जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. यांपैकी कोणी जीव द्यायला विष घेतले नव्हते. ते कामावर गेले होते.

कारणे अनेक होती आणि ती एकमेकांत गुंतली होती. बीटी कपाशीला गुलाबी बोंडअळी दाद देईनाशी झाली होती, म्हणून फवारण्या वाढल्या. त्या साली पऱ्हाटी माणसाच्या खांद्याच्या, कुठे डोक्याच्याही वर गेली होती. फवारा खाली मारायचा तो वर मारावा लागला आणि अंगावर आला. जास्त दाबाचे नवे पंप आले होते, त्यांचे तुषार बारीक आणि दाट. हवा दमट. एका औषधाने भागेना म्हणून बादलीत दोन-तीन औषधे एकत्र कालवली जात होती. शासनाने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले आणि काही कीटकनाशकांवर काही काळापुरती बंदी घातली. त्या वेळी चर्चेत आलेल्या नावांत मोनोक्रोटोफॉस होते, प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन यांचे मिश्रण होते, आणि डायफेन्थियुरॉन होते.

आता हीच नावे तुलनेच्या साधनात घालून पाहा. मोनोक्रोटोफॉसचा आकडा १४. लाल त्रिकोण, कवटी-हाडे. इथे शंकेला जागा नाही. याच द्रव्याने २०१३ साली बिहारच्या छपराजवळ माध्यान्ह भोजनातून २३ शाळकरी मुलांचा बळी घेतला होता. पण डायफेन्थियुरॉनचा आकडा आहे २०६८. आकड्याच्या हिशेबाने निळा त्रिकोण. आरोग्य संघटनेच्या यादीत 'किंचित धोकादायक'. केवळ आकडा बघणारा म्हणेल, हे घ्या, हे बरे. पण त्याच द्रव्याला युरोपीय संघात परवानगी नाही, आणि त्याच द्रव्याबाबत २०२१ साली यवतमाळमधील दोन विधवा आणि एका वाचलेल्या शेतकऱ्याच्या वतीने थेट स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या न्यायालयात दावा दाखल झाला. निर्मात्या कंपनीने जबाबदारी नाकारली आहे. न्याय-निवाडा न्यायालये करतील. आपण एवढेच लक्षात घ्यायचे की उंदराच्या पोटात घातलेल्या मात्रेचा आकडा, चार तास तुषारांत चालणाऱ्या माणसाच्या कातडीबद्दल आणि श्वासाबद्दल सगळे सांगत नाही.

म्हणून तुलना करायची तर किमान चार गोष्टींची करावी. पोटात गेले तर काय. कातडीवाटे आणि श्वासावाटे गेले तर काय. बाधा झाल्यास उतारा कोणता. आणि इतर देशांनी त्यावर बंदी घातली आहे का, असल्यास का. एखाद्या साधनात रकाना कोरा दिसला, तर त्याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. बँकेत येणे-बाकीचा रकाना कोरा असेल तर कर्ज फिटले असे कोणी धरत नाही. नोंद राहिली असेल अशी शंका आधी घेतात. आणि बादलीत कालवलेल्या तीन औषधांच्या मिश्रणाचा हिशेब जगातल्या कोणत्याही साधनात सापडत नाही.

उतारा कोणाला विचारायचा

उताऱ्याचा मुद्दा घरोघरी कळायला हवा. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही सेंद्रिय फॉस्फरसची विषे. मज्जातंतूंच्या कामाला लागणारे कोलिनेस्टरेज नावाचे विकर ती निकामी करतात. त्यांवर डॉक्टर ॲट्रोपिन देतात. पण सायपरमेथ्रिन वेगळ्या जातीचे, डायफेन्थियुरॉन आणखी वेगळे. नेमके काय अंगात गेले आहे हे डॉक्टरला कळले नाही, तर तो अंधारात इलाज करतो. रक्तातल्या कोलिनेस्टरेजची तपासणी वेळेवर होत नाही, ही २०१७ मधली एक मोठी तक्रार होती.

अंधारातला इलाज म्हणजे काय, हे आपल्या शेजारच्या भोपाळने १९८४ सालच्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री पाहिले. हजारो माणसे डोळे चोळत, खोकत रुग्णालयात आली, आणि हा वायू कोणता, त्यावर उपाय काय, हे तिथल्या डॉक्टरांना कोणी सांगितले नव्हते. आज रसायनांच्या माहितीची जी साधने आणि कायदे आपण पाहतो, त्यांच्या मुळाशी ती रात्र आहे. अमेरिकेने १९८६ साली लोकांना परिसरातील रसायनांची माहिती मिळवण्याचा हक्क देणारा कायदा केला. आपल्याकडे त्याच वर्षी पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि १९८९ च्या नियमांनी घातक रसायनांसाठी सुरक्षा माहितीपत्रक आवश्यक केले.

या माहितीपत्रकाचे आज जगभर १६ भाग ठरलेले आहेत. ताळेबंद वाचताना आम्ही जसे आधी नेमकी दोन-तीन पाने उलगडतो, तसे इथेही करावे. दुसरा भाग धोका सांगतो, चौथा प्रथमोपचार, आठवा अंगावर काय घालायचे ते, दहावा कशात काय मिसळू नये. बाकीचे सवडीने.

पण अंगावर काय घालायचे, या सल्ल्यापाशीच माझे मन अडते. हातमोजे, मुखपट्टी, चष्मा, रबरी बूट, पूर्ण बाह्यांचा झगा. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उकाड्यात पाण्याने भरलेला पंप पाठीवर घेऊन हे सर्व घालून चालून दाखवा, असे मी सल्ला देणाऱ्याला नम्रपणे सांगेन. कामगारांच्या सुरक्षेचे शास्त्रही हेच सांगते. धोका मुळात टाळता येतो का ते आधी पाहा. नाही तर जास्त धोक्याच्या जागी कमी धोक्याची वस्तू आणा. मग यंत्रांत आणि कामाच्या पद्धतीत सुधारणा करा. आणि मोजे-मुखपट्टी ही शेवटची पायरी. आपण नेमके उलट करतो. वस्तू तीच ठेवतो आणि मजुराला म्हणतो, तोंडाला रुमाल बांध.

तुलनेच्या साधनांचे खरे मोल इथे आहे. ती दुसऱ्या पायरीवर उपयोगी पडतात, माल विकत घेण्याच्या आधी. फवारणीच्या दिवशी ती निरुपयोगी. आणि पहिली पायरीही विसरू नये. कामगंध सापळे लावणे, अळीची संख्या नुकसानीच्या पातळीपर्यंत गेल्याशिवाय फवारा न मारणे, फरदड न ठेवता डिसेंबरात कपाशी काढून टाकणे, हे सल्ले वर्षानुवर्षे दिले जात आहेत, आणि ते देणारी केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून आपल्या नागपुरातच आहे. तुलनेच्या तक्त्यातला पहिला रकाना 'काहीच न फवारता भागेल काय' हा असावा.

शेवटचे चार पाऊल

काही बदलले नाही असे नाही. केंद्र सरकारने २०२३ साली ३६ टक्के मोनोक्रोटोफॉसची नोंदणी रद्द करण्याचा आदेश काढला. पण एक नाव गेले की दुसरे येते, आणि नव्या नावाची चौकशी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. माहितीचा साठा जगात आहे. तो पबकेमपासून वणीच्या नाहीतर कळंबच्या कृषी केंद्रापर्यंत पोचत नाही, कारण तो इंग्रजीत आहे आणि तो विचारणारा माणूस गल्ल्यापाशी नसतो. बाटलीसोबत पत्रक मिळते, अनेक भाषांत छापलेले आणि इतके बारीक की ते वाचायला भिंग लागावे. आणि पंप ज्याच्या पाठीवर असतो, त्या मजुराने बाटली विकत घेतलेलीच नसते. त्याच्या हाती येते ते बादलीतले पाणी. संध्याकाळी त्याचे कपडे धुणारी बायको तर कोणाच्याच हिशेबात नाही.

मला वाटते, हे चार पाऊल चालण्याचे काम आता घराघरांतल्या शिकलेल्या मुलामुलींनी अंगावर घ्यावे. पुष्कळ नागपूरकरांची नाळ अजून कुठल्यातरी गावाशी जोडलेली आहे. काकांची शेती आहे, मामाने ठेक्याने दिलेली आहे. बारावीला रसायनशास्त्र असलेल्या मुलीने मामाला फोन करून एवढेच विचारावे, 'मामा, यंदा कोणतं आणलं? बाटलीवरचं बारीक नाव वाचून दाखव.' मग तिने ते शोधावे आणि चार ओळी साध्या मराठीत लिहून पाठवाव्यात. कोणत्या रंगाचा त्रिकोण, कातडीला काय करते, कशात मिसळू नये, त्रास झाल्यास डॉक्टरला काय सांगायचे. तिने डोस सांगू नये, इलाज सांगू नये. ते काम कृषी अधिकाऱ्याचे आणि डॉक्टरचे. तिने फक्त माहिती पोचवावी. कृषी केंद्रांनीही गल्ल्यामागच्या भिंतीवर, देवाच्या तसबिरीशेजारी, असा एक मराठी तक्ता लावायला हरकत नसावी. विक्री कमी होईल ही भीती असेल, तर मेलेले गिऱ्हाईक परत येत नाही, एवढे त्यांनी लक्षात घ्यावे.

आणि ज्यांची शेती नाही, त्यांनी आजच्या रविवारी घरातच एक फेरी मारावी. ओट्याखाली, न्हाणीघराच्या फळीवर, गॅलरीतल्या कुंड्यांमागे काय काय ठेवले आहे ते पाहावे. झुरळांचे, वाळवीचे, फरशीचे, संडासाचे. ज्या बाटलीवर चिठ्ठी नाही ती वापरू नये. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत फिनेल ओतून ठेवलेले असेल तर ते आजच बाजूला काढावे. तहानलेल्या मुलाला चिठ्ठी वाचायला वेळ नसतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. त्याचा दूरध्वनी क्रमांक आज शोधून, ताडून दाराजवळ लिहून ठेवावा. आणि कोणावर कधी तशी वेळ आलीच, तर रुग्णाबरोबर ती बाटलीही दवाखान्यात न्यावी. डॉक्टर विचारतात तो पहिला प्रश्न 'काय घेतलं?' हा असतो, आणि त्याचे खरे उत्तर त्या बाटलीवरच्या बारीक अक्षरांत असते.